रोमवाले काका

आमच्या घरमालकांच्या बैठकीत भिंतीला ओळीने खिळे होते आणि प्रत्येक खिळ्यावर एकेक फडकं लटकत असे. कुठे टॉवेल, कुठे उशीचा अभ्रा, कुठे काकूंच्या जुन्या पातळाचा तुकडा. खोली बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, या घरात कपडे वाळत घालायला जागा नसावी. काकांनी माझी नजर ओळखली. ते उठले, एका टॉवेलाचं टोक वर केलं आणि आत काहीतरी उघडंनागडं दिसावं तसं झटकन सोडून दिलं. तेवढ्यात मला दिसलं, ते तलवारीचं पातं होतं.

"ही दाखवन्यासारखी नाही," ते म्हणाले. "हिची कंबर जाड झाली. पाहाले लाज वाटते मले."

मग त्यांनी शेजारचा अभ्रा बाजूला केला. "खोट हिच्यात बी हाय. पन हिच्याकडे पाहू शकता तुमी."

पाणी कधी येतं आणि गच्ची वापरायला मिळेल का, एवढंच विचारायला गेलेली मी बराच वेळ तलवारींच्या कमरा पाहत बसले. शेवटी काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, "हे असंच चालते मा आमच्या घरी. राहायचं असन तर पाहून घे."

मी राहिले. मलकापूरच्या एका शाळेत नुकतीच लागले होते. माहेर अमडापूरचं, नवरा नागपूरला नोकरीला, आणि मला स्टेशनवर चालत जाता येईल अशी जागा हवी होती.

काकांचं हायवेवर ट्रकचे पाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. पाटे म्हणजे चाकांवर एकावर एक बसवलेल्या लोखंडी कमानी, ज्या गाडीचा भार झेलतात. दुकान आता मुलगा बघत होता. तुटके पाटे मात्र काकांचे. ते घरामागच्या भट्टीत लाल करायचे, ठोकायचे, कानशीने घासायचे, पाणी द्यायचे, आणि त्यातून प्राचीन रोमच्या सैनिकांची आखूड तलवार तयार करायचे. फक्त तीच. दुसरी कुठली नाही.

ही तलवार हातभरापेक्षा थोडीच मोठी असते. पातं रुंद, मध्ये किंचित बारीक होत जाणारं, मग पुन्हा फुगून टोकाला लांब निमुळतं. या मधल्या बारीकपणाला काका कंबर म्हणत. मूठ बाभळीची किंवा शिसवाची, तिला चार बोटांसाठी चार खाचा, आणि मुठीच्या टोकाला चिंचेच्या लाकडाचा गोळा. रद्दीच्या ट्रकचा एक ड्रायव्हर पाटा बदलून होईपर्यंत दुकानात बसला होता, त्याच्या गाडीतल्या कुठल्याशा इंग्रजी मासिकात काकांना हिचं चित्र दिसलं. कुठल्या तरी नदीच्या गाळात सापडलेली, गंजलेली, अर्धी खाल्लेली. ते पान त्यांनी मागून घेतलं आणि काचेखाली ठेवलं. पुढे पोरांच्या मोबाइलवर त्यांनी आणखी चित्रं पाहिली, पण त्यांचा जीव त्या पहिल्या पानावरच होता.

लोक विचारायचे, "काका, आपल्या इकडच्या तलवारी काय कमी हायेत? रोमची काऊन?"

"आपल्यावाल्या बनवनारे लय लोकं हायेत," काका म्हणायचे. "हिचं इथं कोनी नाही."

जणू ती एखादी परगावी अडकलेली बाई होती आणि तिला घरी पोचवायची जबाबदारी त्यांच्यावर पडली होती.

रोमबद्दल त्यांची माहिती फारच तुटपुंजी होती. पण ते रोमवाल्यांबद्दल बोलायचे ते भावकीतल्या माणसांबद्दल बोलावं तसं. "रोमवाले बुटके होते, आपल्यावानीच. म्हनून तलवार आखूड." "रोमवाले पायी लय चालत. त्याईले गुडघ्याचा त्रास असनच." गावाने त्यांचं नाव रोमवाले काका ठेवलं होतं. काकू चिडल्या की म्हणायच्या, "सवत आनली असती तर परवडलं असतं. तिनं निदान भाकरी तरी थापल्या असत्या."

काकांचा सगळा कारभार लाजेवर चालायचा. दुकानात बसवलेला पाटा लवकर तुटला तर तो ड्रायव्हर परत आल्यावर ते समोर येत नसत, मागच्या दाराने निघून जात. काकूंनी पाहुण्यांसमोर त्यांच्या कामाचं कौतुक केलं तर त्यांचे कान लाल व्हायचे. तलवार पूर्ण झाली की ती खिळ्यावर टांगून ते समोर खाटेवर बसायचे, सकाळ-संध्याकाळ, पाहत. दोन-चार दिवसांत कुठली तरी खोट सापडायचीच. मग काकू कपाटातून फडकं काढून द्यायच्या. भिंतीवरच्या जवळजवळ सगळ्याच तलवारी अशा झाकलेल्या होत्या.

एक गोष्ट मात्र पक्की होती. ते कुठल्याही तलवारीला धार लावत नसत. पात्याच्या कडा बोटाने चाचपल्या तर गोल लागायच्या. "धार लावली का ते हत्यार होते," ते म्हणत. "मले हत्यार नाही बनवायचं. मले हे बनवायचं हाय." आणि काचेखालच्या पानाकडे बोट दाखवत.

एकदा ते आमच्या शाळेत आले. मधली सुट्टी होती. काखेत टॉवेलात गुंडाळलेली वस्तू, आणि मागे पोरांची अर्धी पलटण. शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापक चहा पीत होते. काकांनी टेबलावर टॉवेल उलगडला. आत तलवार होती आणि काचेखालचं ते मासिकाचं पान, वर गंजलेल्या तलवारीचं चित्र आणि खाली एका नव्याकोऱ्या तलवारीचं. आमच्यातल्या एक बाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

"मॅडमबाई," ते मला म्हणाले, "या पानावर चित्राखाली जे लिव्हलं हाय, त्यातला हा शब्द सांगा."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मी घाईघाईने वाचलं आणि म्हणाले, "खालच्या चित्रातली तलवार खरी नाही काका, ती नक्कल आहे, असं लिहिलंय."

काकांचा चेहरा उतरला. आमच्याकडे नक्कल म्हणजे परीक्षेत शेजारच्याचं पाहून लिहिणं. "म्हंजे मी इतके वर्ष नक्कल करून राह्यलो काय?"

खिडकीतली पोरं खिदळली. मी म्हटलं, "तसं नाही. प्रतिकृती म्हणा. जुन्यासारखी हुबेहूब नवी केलेली वस्तू."

"प्रकृती," काका म्हणाले.

"प्रतिकृती."

"हाव, तेच." त्यांना तो शब्द एवढा आवडला की पुढे ते सर्वांना सांगत सुटले, "मी प्रकृती बनवतो." लोक विचारायचे, काका, प्रकृती कशी हाय? आणि काका खरंच तलवारीबद्दल सांगायला लागायचे.

शाळेत पुढे कित्येक दिवस मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "मॅडमची प्रकृती आली." मी ऐकू न आल्यासारखं करायचे आणि कान मात्र माझेही तापायचे.

गावात एका संस्थेने प्रदर्शन भरवलं, बचतगटांच्या वस्तूंचं. मुलाच्या ओळखीने काकांनाही एक टेबल मिळालं. एका बाजूला पापड-कुरड्या, दुसऱ्या बाजूला लाकडी खेळणी. काकांनी त्यातल्या त्यात कमी खोट असलेल्या तलवारी मांडल्या. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हात मागे बांधून उभे. मी आणि काकू शेजारी.

उद्घाटनाला भाऊ आले होते. भाऊ म्हणजे आमच्या भागातला तरुण पुढारी. तेव्हा कुठल्या पदावर नव्हता, पण त्याचे फोटो चौकाचौकात असायचे. भाऊने तलवार उचलली, कॅमेऱ्याकडे पाहून हसला, मग अंगठा पात्यावरून फिरवला.

"काका, हिच्यानं तर पेढा बी कापल्या जानार नाही."

बरोबरचे सगळे हसले. भाऊने तलवार खाली ठेवली ती काकांच्या टेबलावर नाही, शेजारच्या खेळण्यांच्या टेबलावर. मुद्दाम की चुकून, देव जाणे. काकांनी ती हळूच उचलून जागेवर ठेवली. कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. परत येताना रिक्षात काकू म्हणाल्या, "तो काय बोलला त्याचं मनावर घेता काय तुमी?" काका बाहेर पाहत राहिले.

त्यानंतरच्या आठवड्यात घरामागून दगडावर पातं घासल्याचा आवाज यायचा. वर माझ्या खोलीपर्यंत. मला वाटलं, नवीन तलवार चालू असेल.

भाऊचा वाढदिवस आला तेव्हा त्याचा एक माणूस घरी आला. आमच्याकडे ती पद्धतच पडली आहे, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला केक तलवारीने कापायचा. "काका, तुमची ती परदेशी तलवार द्या एक दिवस. भाऊनं सांगतलं हाय. व्हिडिओत भारी दिसन."

मला वाटलं होतं, काका नाही म्हणतील. ते आत गेले आणि काकूंच्या पातळाच्या फडक्यात बांधलेली एक तलवार घेऊन आले. ती मी कधी भिंतीवर पाहिली नव्हती. त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली. तो माणूस गेल्यावर मला म्हणाले, "संध्याकाळी तुमी बी चला मॅडमबाई. सगळे चला."

स्टेशनसमोरच्या चौकात मांडव होता, ढोलताशा होता. टेबलावर तीन मजली केक. टेबलाचा एक पाय हलत होता. तिथेच बाजूला गजूचा कचोरीचा गाडा. गजू चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. शेगावची कचोरी शेगावात, आपली आपल्याजवळ, असं म्हणून तो गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या हातात कचोरीचा कागद ठेवायचा. त्या दिवशी भाऊच्या मंडळींचा नाश्ता त्याच्याकडेच होता. टेबल हलतंय पाहून कोणीतरी हाक मारली, "गजू, जरा खालून धर बे." गजूने एका हाताने टेबल दाबलं आणि दुसरा हात केकच्या पुठ्ठ्याखाली घातला.

भाऊने तलवार उचलली. त्याच्या हातावर आणखी चार जणांनी हात ठेवले. फोटोत यायचं असतं ना सगळ्यांना. काका माझ्या शेजारी उभे होते. मी पाहिलं, त्यांचा हात अर्धा वर आला, ओठ हलले. मग हात खाली गेला. फटाक्यांची माळ पेटली आणि सगळ्यांनी मिळून तलवार वरून खाली आणली, जोर लावून, बोथट वस्तूला लावतात तसा.

केक कापला गेला. खालचा पुठ्ठा कापला गेला. गजू ओरडला तो फटाक्यांत कोणाला ऐकूच आला नाही. पांढऱ्या क्रीमवर लाल रंग पसरायला लागला तेव्हा पुढची पोरं हसली. त्यांना वाटलं, केकमध्ये आतून काही भरलेलं आहे. व्हिडिओत ते हसणं आहे. मी तो व्हिडिओ पुन्हा कधी उघडला नाही, पण ते हसणं माझ्या कानात अजून आहे, कारण त्या क्षणी मीही हसत होते.

गजूला दवाखान्यात नेलं. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. बोटं वाचली, पण डॉक्टर म्हणाले, वाकतील की नाही सांगता येत नाही.

घरी आल्यावर काका खाटेवर बसले. काकूंनी पाणी दिलं ते तसंच हातात धरून राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मॅडमबाई, तिले धार होती. मी लावली होती."

काकूंनी तोंडावर पदर घेतला.

"मी म्हननारच होतो, जपून, हिले धार हाय. तोंडात आलं होतं. मग मले वाटलं, कापू दे एकदा. पाहू दे सगळ्यायले." त्यांनी पाण्याचा गिलास खाली ठेवला. "पेढा बी कापल्या जानार नाही म्हने."

दुसऱ्या दिवशी कळलं की भाऊच्या माणसांनी दवाखान्यात वेगळंच सांगितलं आहे. गजूचा हात त्याच्याच गाड्यावरच्या सुरीने कापला. गजूनेही मान डोलावली होती. उपचाराचं भाऊ बघणार होते, आणि गजूला त्याच चौकात धंदा करायचा होता. सगळ्यांच्या सोयीचं झालं होतं. काकांचं नाव कुठेच नव्हतं.

काका सदरा घालून पोलीस ठाण्यात गेले. "धार मी लावली. लिहून घ्या."

तिथला साहेब समजूतदार होता. म्हणाला, "काका, ज्याचा हात कापला तो म्हणतो सुरीनं कापला. तुम्ही कशाला मध्ये पडता? घरी जा, आराम करा."

काका घरी आले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. त्यांचं म्हणणं कोणाला नको होतं. ते बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचे. हवालदार त्यांना चहा पाजायचे आणि गंमत करायचे, "काका, आज कोनाले मारलं?" मुलगा हात धरून घरी आणायचा. भाऊच्या गाड्या दुकानात यायच्या बंद झाल्या होत्या आणि मुलगा बापाशी बोलत नव्हता.

काकू माझ्याकडे वर आल्या. "तुह्यं ऐकतात ते. तू शिकेल हाय. सांग त्याईले."

मी खाली गेले. म्हटलं, "काका, गजूनेच तसं सांगितलंय. त्याला त्रास होईल उगाच. तुम्ही गप्प राहिलात तर सगळ्यांचंच भलं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं मूल आपल्या आवडत्या बाईंकडे पाहतं, बाईंनी फळ्यावर चुकीचं लिहिलेलं दिसल्यावर, तसं. "तुमी बी असं म्हनता?"

मी जिना चढून वर आले आणि दार लावून बसले.

पुढे तो व्हिडिओच फिरला. केक, फटाके, तलवार, लाल रंग, सगळं त्यात स्वच्छ होतं. मग सुरीची गोष्ट टिकली नाही. भाऊवर आणि त्याच्या मित्रांवर गुन्हा दाखल झाला, आणि तलवार देणारा म्हणून काकांवरही. पोलीस घरी आले. त्यांनी खिळ्यांवरची फडकी काढली. काका दारात उभे होते. एकेक झाकलेली तलवार उघडी पडत होती, गल्लीतली माणसं खिडकीतून बघत होती, आणि काका खालमानेने सांगत होते, "हिची मूठ वाकडी झाली साहेब. हिची कंबर जाड हाय. ही नका दाखवू कोनाले." बाकी कोणत्याही तलवारीला धार नव्हती. तरी दुसऱ्या दिवशीच्या बातमीत टेबलावर मांडलेल्या सगळ्या तलवारी होत्या आणि त्यांच्यामागे टोपी हातात घेतलेले काका. वर छापलं होतं, शस्त्रसाठा जप्त. माझ्या सासरहून फोन आला, तू नेमकी कोणाच्या घरात राहतेस म्हणून. मी काय उत्तर दिलं आठवत नाही. खोली बदलते म्हणाले असेन. बदलली नाही.

काकांना जामीन मिळाला. त्या दिवशी ते घरी आले, आंघोळ केली, आणि म्हणाले, "आता गजूकडे जातो."

गजूचा गाडा त्याची बायको मंगला एकटीच चालवत होती. काका जाऊन गाड्यामागे उभे राहिले. म्हणाले, "तू पारी लाट आन भर. तळाले मी उभा राहतो."

मंगला म्हणाली, "काका, तुमी जा. तुमचे पाय धरते."

काका गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत नुसते उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही. शेवटी तिने वैतागून त्यांच्या हातात झारा दिला.

त्यांना कचोरी तळता येत नव्हती. जन्मभर लोखंड तापवलेला माणूस, तेल कडकडीत तापवायचा. कचोऱ्या बाहेरून काळ्या, आतून कच्च्या. लोक बघायला यायचे. कॉलेजची पोरं मोबाइल धरून ओरडायची, "रोमवाले, एक प्लेट!" काका मान खाली घालून तळत राहायचे. त्यात त्यांनी एक वेगळंच चालू केलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला कागद देताना ते सांगायचे, "गजूचा हात माह्यामुळे कापला गेला. म्हनून मी हाय इथं." नागपूरच्या गाडीतून उतरलेला, गजू कोण हे माहीत नसलेला माणूस हातातली कचोरी तशीच धरून उभा राहायचा.

एक दिवस मंगला रडकुंडीला आली. "काका, गिऱ्हाइकाले नका सांगत जाऊ. ते खात नाहीत मंग."

तेव्हापासून काका गप्प झाले. मला वाटतं, तळण्याच्या आगीपेक्षा ते गप्प राहणं त्यांना जास्त जड गेलं असेल. मी शाळेतून येताना तिथूनच यायचे. पोरं माझ्याबरोबर असली की मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. काकांनी ते पाहिलं होतं. घरी कधी बोलले नाहीत.

हळूहळू त्यांना तळायला जमलं. लोकांची मजा संपली. गिऱ्हाईक परत आलं. गजूच्या हाताची पट्टी सुटली आणि तो गाड्यावर येऊन बसायला लागला. दोन बोटं सरळ ताठ राहिली होती. तो डाव्या हाताने सुटे पैसे द्यायचा, डाव्या हाताने झारा धरायला शिकत होता. काका आले की झारा त्यांच्याकडे द्यायचा.

त्या दिवशी मी नेमकी तिथे होते. नवरा गाडीने येणार होता आणि गाडीला उशीर होता. गाड्यावर गर्दी नव्हती. काकांनी नेहमीप्रमाणे टोपी खिळ्याला लावली आणि झाऱ्यासाठी हात पुढे केला. गजूने झारा दिला नाही.

"काका, आता नका येत जाऊ."

"काऊन? तुले जमते आता?"

"जमते थोडं थोडं. पन ते नाही." गजू कढईकडे पाहत बोलत होता. "लोकं मले बोलून राह्यले. मानूस बसून राह्यला आन बापाच्या वयाचा मानूस त्याच्याकडे राबून राह्यला. परवा माह्या सासऱ्यानं बी म्हनलं. मंगलाले बाया बोलतात."

"कोन बोलते? मी सांगतो त्याईले, का..."

"तुमी नका सांगू काका!" गजूचा आवाज चढला. मग खाली आला. "तुमी लय केलं. पन तुमाले बरं वाटते म्हनून मी किती दिवस असं तोंड लपवून बसू? मले बी काही लाज हाय का नाही?"

काका तसेच उभे राहिले. हात अजून पुढे होता. मग तो त्यांनी हळूच मागे घेतला आणि सदऱ्याला पुसला, जणू काही लागलं होतं. मंगला पीठ मळायची थांबली होती. मी दुसरीकडे पाहिलं. असं काही समोर घडतं तेव्हा माणूस दुसरीकडेच पाहतो.

"माह्या ध्यानात नाही आलं रे," काका म्हणाले. "खरंच नाही आलं."

ते टोपी घेऊन निघून गेले. त्यानंतर ते स्टेशनच्या बाजूला फिरकेनासे झाले. बाजारात जायचं तर लांबचा वळसा घेऊन जात. भट्टी विझलेलीच होती, तिथे मुलाने जुने टायर रचले. खटल्याच्या तारखा पडत राहिल्या. तारखेला मात्र काका सगळ्यांच्या आधी कोर्टात जाऊन बसत. बैठकीतल्या भिंतीवर खिळे तेवढे उरले होते. काकूंनी ते काढू दिले नाहीत. म्हणाल्या, भिंतीला भोकं दिसतील.

मला काकांसमोरून जाताना अवघड वाटायचं. त्यांनाही माझ्यासमोर वाटत असावं. आम्ही दोघं एकमेकांना टाळत नव्हतो, पण जिन्यावर भेट झाली की दोघंही आधी पायऱ्यांकडे पाहायचो.

मग माझी बदली झाली. नागपूरच्या जवळची शाळा मिळाली. निघायच्या सकाळी रिक्षा आली, तर काका सदरा-टोपी घालून दारात. माझी बॅग त्यांच्या हातात. "पोचवतो," म्हणाले. काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. कित्येक महिन्यांत ते त्या रस्त्याला गेले नव्हते.

रिक्षा चौकात थांबली. गाड्यावर चांगली गर्दी होती, गाडीची वेळ होती. काका बॅग घेऊन सरळ पुढे चालू लागले, मान खाली. गाडा मागे पडला तोच हाक आली.

"काका!"

ते थांबले. मला वाटलं, ऐकलं नाही असं दाखवून निघून जातील. मलाही मनातून तेच हवं होतं.

गजू गिऱ्हाईक सोडून बाहेर आला होता. नुसता उभा राहिला, मग गाड्याकडे वळला. काकांनी बॅग माझ्याजवळ ठेवली आणि त्याच्या मागोमाग गाड्यापर्यंत गेले. गर्दी होती, कढईत कचोऱ्या फुगून वर आल्या होत्या आणि उलटायला कोणी नव्हतं. सवयीने काकांनी टोपी काढली, वळसा घेऊन मागे गेले आणि झारा उचलला.

गजूने त्यांच्या हातातून तो काढून घेतला. ओढून नाही, लहान मुलाच्या हातातून घेतात तसा. मग त्यांना दंडाला धरून पुढे आणलं, गिऱ्हाइकांच्या बाजूला, आणि बाकड्यावर बसवलं. कागदावर कचोरी ठेवली. ताठ बोटांमुळे कागद त्याच्या हातात तिरपा झाला होता. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"खा," गजू म्हणाला.

माझी गाडी लागली. मी बॅग उचलून फलाटावर गेले आणि चढले. दारातून, फलाटाच्या कठड्यापलीकडे, चौक दिसत होता. काका बाकड्यावर बसले होते, कागद मांडीवर, डोकं पार खाली घातलेलं. शेजारच्या गिऱ्हाइकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या कचोरीकडे. गजू कढईशी होता. मधूनच तो मान वळवून पाहत होता, काकांनी घास घेतला का ते. गाडी हलली तोवर त्यांनी घेतला नव्हता.